डावीकडे चार, उजवीकडे तीन

पाइनच्या ढलप्या जाळून धरलेली काजळी. चमचाभर पुरते.

पहिली बस सात दहाची. रविवारी नाही.

'सुई टोचताना रुग्णाच्या तोंडाकडे बघू नये.' परिचारिकांच्या जुन्या हस्तपुस्तिकेत, पान एकतीस, खाली पेन्सिलीने ओढलेली रेघ.

कोबीच्या पानांचा वास.

निळी खूण हिरवी पडायला चाळीस वर्षं लागतात.

घरची मुलगी शेवटी.

पुढच्या वर्षी.

मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला तोंकाची सुई चुकली. सारायेवोच्या त्या दवाखान्यात रक्त काढण्याच्या खोलीत तिला अडतीस वर्षं झाली होती, जूनमध्ये ती निवृत्त होणार होती, आणि म्हातारी माणसं दारातून वाकून 'जाड चष्म्याची आहे ना आत?' असं विचारून मगच रांगेत उभी राहत, इतका तिचा हात हलका होता. समोरचा तरुण नळजोडणीची कामं करणारा, वेद्रान नावाचा. शिरा दोरखंडासारख्या, डोळे मिटून टोचलं असतं तरी रक्त आलं असतं. त्याने बाही वर केली, हात उताणा टाकला, आणि मनगटापासून कोपराकडे चढत गेलेली एक फांदी तिला दिसली. निळी, नवी, कडा अजून धारदार. डाव्या बाजूला चार पानं. उजव्या बाजूला तीन. सुई शिरेला घासून बाहेरच्या बाहेर गेली.

"लागलं का रे?"

"छे हो सिस्टर. हे गोंदवताना याच्या शंभरपट लागलं होतं."

"कुठे गोंदवलंस?"

"पोडलिपात. तिथे उत्सव असतो ना गोंदणाचा, संत योसिपच्या सणाजवळच्या शनिवारी. हे गेल्या वर्षीचं. या शनिवारी पुन्हा आहे, मी दर वर्षी जातो. गावातल्या म्हाताऱ्या रांगेत बसलेल्या असतात, हात मांडीवर ठेवून. नुसतं बघत बसावंसं वाटतं."

"हे बायकांचं असतं."

"असेना. माझ्या कातड्यात शिरल्यावर माझंच." तो हसला. "तुमचं गाव कुठलं?"

"इथलंच," तोंका म्हणाली, आणि दुसऱ्यांदा टोचायच्या आधी न राहवून तिने विचारलं, "एका बाजूला पान कमी कसं?"

"ते तसंच असतं. अर्थ आहे त्याला. जे पान नाही, ते म्हणजे घरातलं गमावलेलं माणूस. माहितीपत्रकात दिलंय सगळं."

फांद्या त्या डोंगरपट्ट्यातल्या सगळ्याच गावांत गोंदतात. कॅथलिक बायकांच्या हातांवर क्रूस, कणसं, कुंपणं आणि फांद्या कधीपासून आहेत हे कुणी सांगू शकत नाही, आणि कुणाची फांदी कुणाच्या हातची हे ओळखायला जाणत्या बाईला एक नजर पुरते. चार आणि तीन ही एकट्या लूत्साची चूक होती, आणि लूत्सा तोंकाची आई. बाकीच्या गोंदणाऱ्या बोटांच्या बाजूने सुरू करून मनगटाकडे येत. तिथे जागा ऐसपैस, एखादं पान वाढलं तरी खपून जातं. लूत्सा मात्र मनगटाकडून निघायची आणि अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडायची. उजवीकडचं चौथं पान बसायचंच नाही. बायका तिला चिडवत, ती सुईने डोकं खाजवत म्हणायची, देवाला मोजता येतं, तो समजून घेईल. आता ती चूक वेद्रानच्या हातावर चढून बसली होती. तिथे वीतभर जागा मोकळी पडली होती, तरी चौथं पान नव्हतं. तोंकाने रक्ताची नळी भरली, नाव लिहिलं, कापूस दाबून धरला, पुढच्या माणसाला आत घेतलं. त्या माणसाच्या हातावर काही नव्हतं. स्वतःच्या हातमोज्याच्या आत, उजव्या हाताच्या पाठीवर, तिला काहीतरी ओलं आणि गार लागलं.

ओलं आणि गार म्हणजे एकाहत्तर साल, मार्च महिना, योसिपचा दिवस, पोडलिपातलं घर, चुलीपुढचं तिवईसारखं स्टूल. तोंका नऊ वर्षांची. सकाळपासून अकरा मुली येऊन गेल्या होत्या. रडत, हसत, हाताला भिजलं फडकं गुंडाळून. घरची मुलगी शेवटी बसते. आई आगपेटीच्या काडीने आधी चित्र काढायची, मग त्या रेघेवरून सुई. काजळी कालवायला दूध लागतं, आणि ते लेकुरवाळीचंच लागतं, जिच्या अंगावर मूल पितं आहे अशीचं. त्या दिवशी ते ओढ्यापलीकडच्या पेर्काने कॉफीच्या बिनकानाच्या कपात दिलं होतं. आईने तोंकाच्या हातावर काडी टेकवली. मनगट, देठ, चार पानं, तीन पानं. आई इतकी जवळ होती की तिच्या झग्याच्या गळ्यातून वास येत होता, आणि तो रोजचा धुराचा किंवा साबणाचा नव्हता. शिळ्या कोबीच्या पानांचा होता. मग आईने कपात बघितलं. बघतच राहिली. चुलीतलं एक लाकूड मोडून खाली बसलं तरी ती हलली नाही. शेवटी तिने कमरेच्या फडक्याचं टोक थुंकीने ओलं केलं, तोंकाच्या हातावरची फांदी पुसून टाकली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. त्या शरदात बाबांनी तिला शिकायला सारायेवोला आत्याकडे ठेवलं, पुढे ते गेले, आई गावातच राहिली. पुढची एक्कावन्न वर्षं तोंका त्या पुसण्याला कारणं शिवत राहिली. मास्तर शाळेत गोंदलेले हात उलटे करून छड्या मारायचा, म्हणून असेल. शहरात मुलीला हसतील, म्हणून असेल. युद्धाच्या वर्षांत एका तपासणीच्या जागी कॅथलिकांचं गोंदण आहे का म्हणून तिचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि तिला जाऊ दिलं, तेव्हा शेजारीण म्हणाली होती, तुझ्या आईला लांबचं दिसत होतं बाई. लांबचं. तोंकाला त्यातलं एकही कारण पटलं नव्हतं, कारण ती सगळी कारणं डोक्यातली होती आणि ते पुसणं हातावरचं होतं. त्या अकरा जणी अजूनही एकमेकींच्या लेकीसुनांच्या लग्नात भेटल्या की हात एकावर एक ठेवून फोटो काढतात. फोटो काढायला तोंका. तिच्या मनाच्या तळाशी एक वाक्य होतं, जे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं: आईने सगळ्या गावाच्या मुलींना आपलं केलं आणि आपल्या मुलीपाशी येऊन थांबली. त्या महिन्यात घरात आणखीही काही घडलं होतं, धाकट्या भावाचा पाळणा माळ्यावर गेला होता. पण ते दुसऱ्या कप्प्यात होतं. नऊ वर्षांच्या मुलीला दोन गोष्टी एका दोऱ्यात ओवता येत नाहीत, आणि नंतर ओवायचं राहूनच जातं.

आता आई सत्त्याऐंशीची आहे. चमचा तोंडाशी नेताना अर्धं सूप बशीत परत जातं. तोंकाने मंगळवारी संध्याकाळी हिशेब केला नाही, कॅलेंडर उलटलं नाही, कुणाला फोन केला नाही. शनिवारी सात दहाच्या बसला ती खिडकीशी बसलेली होती, एवढंच. मांडीवर पर्स, पर्सवर उजवा हात, आणि बस बोगद्यात शिरली की काचेत तो हात दिसायचा, कोरा, वयाचे डाग पडलेला, शिरा छान उठलेल्या. कुठल्याही शिकाऊ मुलीने सहज रक्त काढलं असतं. तिला एकदाच विचारायचं होतं. आणि विचारून झाल्यावर, जमलं तर,

(हे वाक्य तिने बसमध्ये पुरं केलं नाही.)

आई ओट्यावर कांदे सोलत बसली होती. घरासमोर पन्नास पावलांवर सहकारी संस्थेचं जुनं गोदाम, त्यावर कापडी फलक, फलकावर भलीमोठी फांदी. चार आणि तीन. पाच वर्षं हा उत्सव भरत होता आणि पाच वर्षं लूत्सा त्या दिवशी खिडकीचा पडदा ओढून घेत होती.

"आलीस? कोण मेलं?"

"कुणी नाही. उत्सवाला आले."

"ती सर्कस बघायला? पायात एवढ्याल्या टाचांचे बूट घालून?"

"तुझी फांदी आता पुरुषांच्या हातावर चढली आहे, आई. परवा एका नळवाल्याच्या हातावर बघितली."

आईचा कांदा हातातच राहिला. "देखणा होता?"

"दात चांगले होते."

"मग असू दे."

तोंका तिच्या शेजारी बसली. विचारायचं ते जिभेवर आलं, आणि जिभेने भलतंच काही उचललं. "माहितीपत्रकात लिहिलंय, उजवीकडचं चौथं पान म्हणजे घरातलं गमावलेलं माणूस. म्हणून ते काढत नाहीत."

आई आधी खदखदून हसली. इतकी की कांद्याचं पाणी आहे की हसण्याचं, कळेना. "अगं, जागा पुरायची नाही! जागा! गमावलेलं माणूस म्हणे." मग हसणं मधेच कुठेतरी अडलं. तिने सुरी खाली ठेवली. "कोण म्हणालं असं?"

"छापलंय."

"माझे जोडे दे."

"आई, जाऊ दे ना."

"जोडे दे म्हटलं ना. खोटं छापतात म्हणजे काय."

गोदामात यंत्रांची गुणगुण होती, मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यासारखी. स्प्लिटहून, लुब्लियानाहून, ग्राझहून आलेली पोरं हातमोजे घालून वाकलेली, त्यांच्यापुढे पालथे पडलेले दंड, पाठी, पोटऱ्या. माणसाच्या उघड्या अंगाला येतो तो ऊबदार वास, त्यात स्पिरिट, त्यात राकियाची दारू, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पातेल्यातल्या सारम्याचा, खिमा भरून शिजत्या कोबीच्या पानांचा. तोंकाने श्वास तोंडाने घ्यायला सुरुवात केली. आयुष्यभर तिने घरी सारमा केला नव्हता; नवरा विचारायचा, ती म्हणायची, पचत नाही. भिंतीलगत खुर्च्यांवर गावातल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, हात मांडीवर, हिरव्या पडलेल्या खुणा वर करून, लग्नातल्या करवल्यांच्या थाटात. पहिल्या खुर्चीवरच्या यान्याने टाळी वाजवली. ती त्या अकरा जणींतली सगळ्यात थोरली.

"अगो बाई, लूत्सामावशी! पाच वर्षं पडद्याआडून बघत होतीस, आज पडदा धुवायला टाकलास काय?"

"तुझे हात बघायला जर्मनीहून माणसं येतात असं ऐकलं. म्हटलं, जगाचा शेवट जवळ आला, बघून घ्यावा."

"हात तुझेच आहेत गं. मी आपली वागवते."

गोदामाच्या टोकाला निवेस बसली होती. उत्सव तिनेच सुरू केलेला. आजी पोडलिपाची, ती स्वतः स्प्लिटमध्ये वाढलेली, दोन्ही दंड खांद्यापर्यंत गोंदलेले. आत्ता ती यंत्र बाजूला ठेवून मुलीला पाजत होती. चार महिन्यांचं मूल, डोळे मिटून, एक मूठ आईच्या दंडावरच्या निळ्या माशावर. लूत्सा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि भांडायला आणलेला आवाज तिने तिथल्या तिथे अर्धा केला, मूल उठू नये म्हणून.

"ते पान. जागा संपायची, पोरी. आणखी काही नाही. मी उलटीकडून सुरू करायचे."

निवेसने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे, आणि ही कोण ते तिला कळलं. "पण मावशी... तीनशे लोकांच्या अंगावर तसंच काढलंय आम्ही."

"मग तीनशे लोकांच्या अंगावर माझी चूक आहे."

यान्या हसली, मागची दोन पोरं हसली, निवेसही तोंडावर हात ठेवून हसली. मग धीर करून म्हणाली, "मग तुम्ही गोंदणं का थांबवलंत? आम्ही लिहिलंय की मास्तरांनी बंदी घातली, एकाहत्तर साली."

"मास्तर? तो कोंबडीला भ्यायचा." लूत्सा हळूच बाकावर टेकली. तिचं लक्ष त्या बाळाच्या ओठांवर होतं, ओठ थांबत होते, पुन्हा चालू होत होते. "दूध संपलं म्हणून थांबले. अकरा जणी झाल्या आणि पेर्काचा कप कोरडा झाला. पेर्का म्हणाली, आता माझ्या पोराला उरू दे. बरोबरच होतं तिचं. राहिली होती एकटी माझी तोंका. माझ्याकडे होतं की दूध. मस्त होतं. छातीला फडकं आवळलेलं, आत कोबीची पानं ठेवलेली, ते सुकावं म्हणून. माझ्या धाकट्या इलियाला जाऊन चार दिवस झाले होते. गेलेल्या मुलाचं दूध मी माझ्या पोरीच्या हातात कशी घालू? कायमचं राहतं ते. मेल्यावरसुद्धा सोबत येतं. फांदी काढून झाली होती. पुसली."

"आणि पुढच्या वर्षी?" हे निवेसने विचारलं नाही. तोंकाने विचारलं. आवाज तिचा नव्हता, कुठल्यातरी नऊ वर्षांच्या मुलीचा होता, चुलीपुढच्या.

आईने मान वळवली नाही. "पुढच्या वर्षी सुई हातात घेतली. पान्हा फुटला. वर्ष झालं होतं, दुधाचा थेंब नव्हता, आणि सुई घेतली की पान्हा फुटायचा. झगा ओला नाही, काही नाही, पण आतून यायचा. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग तू सुट्टीला यायचीस ती शहरातले बूट घालून. म्हटलं, आता हिला नकोच असेल."

तोंका उभी होती. प्रसूतीच्या वॉर्डात पहिली दोन वर्षं काढताना तिने स्वतः किती बायकांना सांगितलं होतं, दूध आटवायचं असेल तर कोबीची पानं ठेवा, फ्रीजमधली गार. किती बायकांना. वाकून, चादर नीट करत, खालच्या आवाजात. आणि मग घरी जाऊन सारमा पचत नाही म्हणाली होती. शिजणाऱ्या पातेल्यातून वास येतच होता, आणि आता तिने नाकाने श्वास घेतला, पोटापर्यंत, पुन्हा एकदा घेतला.

निवेसने मूल खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. "मावशी, मी लेकुरवाळी आहे," ती म्हणाली. "काजळीसुद्धा आहे, पाइनची. दाखवायला ठेवतो आम्ही दर वर्षी."

"मुळीच नाही," तोंकामधली सिस्टर जागी झाली. "दूध आणि काजळी रक्तात? पू होईल. ताप भरेल. मी या गोष्टींना अडतीस वर्षं..."

"अकरा जणींतली कुठली मेली?" आई म्हणाली.

"त्या नशिबवान."

"तू आयुष्यभर लोकांना टोचत आलीस. मी कधी विचारलं, कशात बुडवून टोचतेस?"

"सुई उकळायची. वीस मिनिटं, मी घड्याळ लावणार. हात स्पिरिटने. तू हातमोजे घालायचे."

"हातमोजे घालून? मग हात कशाला?"

"आई."

"बरं, उकळ. हातमोजे नाही."

उकळली. लोक गोळा झाले, मग निवेसने त्यांना मागे सारलं, मग ते पुन्हा गोळा झाले. यंत्रं एकेक करून बंद होत गेली. बिनकानाचा कप मिळाला नाही. कागदी पेल्यात दूध आलं, दोन बोटं. आईने काजळी कालवली तेव्हा हात इतका थरथरत होता की काळे शिंतोडे तिच्या झग्यावर, बाकावर, तोंकाच्या बाहीवर उडाले, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आजींना जमेल ना. आईने आगपेटीची काडी घेतली. तोंकाच्या उजव्या हाताखाली आपला डावा हात सरकवला, तळहाताला तळहात. थरथर त्या हातातून या हातात आली, काही वेळ दोन्ही हात मिळून कापत राहिले, आणि काडीचं टोक कातड्याला टेकताच थांबली. अशी थांबली की जणू कुणी दार लावलं. ओलं. गार.

"बोटांकडून सुरू कर ना, आई. जागा पुरेल."

"गप बस. मला शिकवते."

मनगट. देठ. सुईचं पहिलं टोचणं म्हणजे नुसतं एक टिंब, दुसरं त्याच्या शेजारी, आणि मग ते मोजण्यात अर्थ राहत नाही. दुखणं एका जागी थांबत नाही, कोपरापर्यंत चढतं, तिथून परततं, हाडाजवळ आलं की दात घट्ट होतात. तोंकाने हाताकडे बघितलं नाही. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. खालचा ओठ बाहेर काढून आई काम करत होती, कांदे सोलताना काढायची तसा, अकरा जणींच्या वेळी काढला होता तसा, आणि डाव्या हाताने तिने मधेच एकदा स्वतःची छाती झग्यावरून दाबून धरली, क्षणभर, पुन्हा सोडली, आणि सुई चालू राहिली. "येतोय का?" तोंकाने फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं. आईने होकाराची मान हलवली. "येऊ दे," तोंका म्हणाली.

डावीकडे चार झाली. उजवीकडे एक, दोन. तिसऱ्याला यान्या खुर्ची ओढत जवळ आली. तिसरं पुरं करून आईने सुई उचलली, तोंकाच्या अंगठ्याचं हाड चाचपलं, कातडं इकडे ओढलं, तिकडे ओढलं, जागा शोधत राहिली. रक्ताचे बारीक मणी काजळीतून वर येत होते आणि तोंकाला प्रत्येकाची शीर ठाऊक होती.

"नाही बसत," आई म्हणाली.

"राहू दे," तोंका म्हणाली. "सगळ्यांसारखीच हवी."

यान्याने आपला हिरवा पडलेला हात आणून शेजारी ठेवला. कुणीतरी फोटो काढला. कुणी काढला ते तोंकाला कळलं नाही, कारण या वेळी काढणारी ती नव्हती. निवेसच्या खांद्यावरचं मूल जागं झालं आणि रडायला लागलं, आणि लूत्सा काळ्या बोटांनी त्याच्या नाकाला हात लावायला गेली, तर तोंका ओरडली, "आई, आधी हात धू!"

इलिया जन्मला तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सुईणीने त्याला आधी तोंकाच्या याच हातांत दिलं होतं.